सावरगव्हाणच्या घाटावरचा नारळ

पैठणहून गोदावरीच्या पात्रातून आम्ही नावेने खाली गेलो, त्या प्रवासाचे वर्णन मी बावीस वर्षांपूर्वी एका मासिकात लिहिले होते. ते पुष्कळांना आवडले. जालन्यात आणि अंबडला अजूनही अशी माणसे भेटतात, की त्यातला नारळाचा प्रसंग त्यांना पाठ असतो आणि ते तो मलाच हसत हसत ऐकवतात. तो प्रसंग खोटा आहे. नदीचे, पक्ष्यांचे, वाळूचे, जेवणाखाण्याचे जे लिहिले ते खरे आहे. प्रवास संपत आला असताना पाचव्या दिवशी आम्ही सावरगव्हाणला उतरून गाव पाहिले, तो एक दिवस मी खोटा लिहिला. तो आता पुन्हा लिहितो. ती बाजू ज्यांनी पाहिली नाही त्यांना गाव कसे आहे हेही कळले पाहिजे, म्हणून देऊळ, बारव, हुरडा यांतले काही गाळत नाही. गाळण्याचे काम मागच्या वेळी पुरेसे झाले.

आम्ही तिघे होतो. नरहरराव वकील आमच्यात वडील; नदीने जायची हौस त्यांची. अनीसमियाँ माझ्याच शाळेत उर्दू शिकवीत. तिसरा मी, मराठी आणि गणित शिकवणारा मास्तर, वय अठ्ठेचाळीस. वय मुद्दाम सांगतो. जे झाले ते पोरवयात झाले असे कोणाला वाटायला नको.

नाव गंगाराम भोयाची होती. तो पैठणचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. त्याचा धाकटा भाऊ लिंबाजी पुढे उभा राहून बांबूने पाण्याची खोली बघायचा आणि गंगाराम मागे वल्हे धरून बसायचा. पौषात गंगेला पाणी बेताचे असते. (नदीकाठी गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात.) दिवसातून दोनदा तरी नाव वाळूत रुतायची, मग आम्ही धोतरे खोचून खाली उतरायचे आणि ते दोघे खांदा लावून ती मोकळी करायचे. काठाने चक्रवाकांच्या जोड्या, वाळूत पहुडलेल्या सुसरी, आणि जागोजागी टरबुजाच्या वाड्यांसाठी भोई मंडळींनी खणलेले खड्डे. आमच्या जालन्यात टरबूज बाजारात येते एवढेच माहीत. ते कोरड्या वाळूत खड्डा करून, शेणखत घालून, ओंजळीने पाणी पाजून वाढवतात हे तिथे कळले.

दुसरी कळलेली गोष्ट म्हणजे घाटाचा मान. नदीवरचा प्रत्येक घाट एकेका भोई घराण्याकडे असतो. वरून आलेली नाव खाली जाणार असेल तर तिने त्या घाटाला लागायचे आणि तिथल्या कारभाऱ्याच्या हातात नारळ ठेवायचा. मग त्या घाटाचा माणूस नावेत येतो, वल्हे हातात घेऊन तीन हात मारतो आणि पुढे कुठे खडक आहे, कुठे वाळू सरकली आहे ते सांगून उतरतो. तिथून पुढच्या घाटापर्यंत ती नाव त्यांची. बुडाली तर धावायचे त्यांनी. गंगारामाने पैठणला देवापुढे ठेवून सात नारळ घेतले होते आणि लाल फडक्यात गुंडाळून एका दुरडीत ठेवले होते. सहा घाटांवर सहा दिले. हे सगळे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते आणि वहीत टिपूनही घेतले होते.

पाचव्या दिवसाची सकाळ

सावरगव्हाणच्या वर कोसभर नाव पुन्हा रुतली. गंगाराम आणि लिंबाजी गुडघाभर पाण्यात होते. वाळूवर चूल मांडून मी पोहे करीत होतो, कारण स्वयंपाक माझ्याकडे होता. नरहरराव तीन दिवस त्या पोह्यांना नावे ठेवीत होते. माझे आजोळ कोकणातले. तिकडे पोह्यांवर ओले खोबरे घालतात, त्याशिवाय पोहे म्हणजे कोंडा, असे मीच आदल्या दिवशी ऐटीत सांगून बसलो होतो.

दुरडीत शेवटचा नारळ होता. तो कशासाठी आहे हे मला माहीत होते. पुढे मी अनेकांना सांगितले, की मला वाटले एखादा जास्तीचा असेल. तसे मला वाटले नव्हते. मला वाटले ते एवढेच, की गावात उतरल्यावर दुकानातून दुसरा घेऊ आणि गुपचूप फडक्यात ठेवून देऊ. जालन्यात कोणत्याही किराण्याच्या दुकानात नारळ मिळतो. शहरात राहणाऱ्याला वाटते, की जे आपल्या गल्लीत मिळते ते सगळीकडे मिळत असणार.

नांगराच्या लोखंडावर नारळ फोडला, अर्धा खवून पोह्यांवर घातला, उरलेल्याची चटणी वाटली. करवंट्या वाळूत पुरल्या.

अनीसमियाँनी पहिला घास घेतला आणि विचारले, “मास्टरसाब, ये नारियल किधर से पैदा किए?”

“गंगारामनं दिला,” मी म्हणालो. “खुशीनं दिला.”

“भला माणूस आहे,” नरहरराव म्हणाले आणि त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतले.

गंगाराम आणि लिंबाजी नेहमीप्रमाणे नावेच्या टोकाशी बसून आपली भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा खात होते. आमच्या ताटात काय आहे ते त्यांनी पाहिले नाही.

घाट

सावरगव्हाणचा घाट म्हणजे काळ्या मातीची उंच दरड, तिच्यात खोदलेल्या पंधरावीस पायऱ्या, वर एक लिंबाचे झाड आणि खाली उलटी घालून ठेवलेली जुनी नाव. त्या नावेवर एक म्हातारी तंबाखू मळत बसली होती. तिचे नाव सटवाबाई. सगळे सटवामाय म्हणत. नवरा गेल्यापासून घाटाचा कारभार तिच्याकडे होता.

“कोन, पैठनचा गंग्या का?” तिने बसल्या जागेवरून विचारले.

“व्हय मावशी.”

“तुझा बाप घाट दिसला की वरूनच हाळी घालायचा. तू मुक्यावानी येऊन राह्यला. बायकोनं जीभ ठेवून घेतली का?”

घाटावर धुणे धुणाऱ्या बायका हसल्या. गंगारामही हसला. त्याने दुरडी काढली, फडके उलगडले. ते रिकामे होते. त्याने ते झटकले, दुरडीत हात फिरवला, मग लिंबाजीकडे पाहिले. लिंबाजीने मान हलवली.

मी नावेतून उतरत होतो. त्या वेळी बोलणे सोपे होते. ‘मी घेतला, दुसरा आणून देतो’ एवढेच म्हणायचे होते. तेवढ्यात नरहरराव अगदी निर्मळ मनाने म्हणाले, “अरे गंगाराम, शोधतोस काय? सकाळी तूच दिलास ना मास्तरांना? आम्ही खाल्लासुद्धा.”

धुण्याचा आवाज थांबला.

“मानाचा नारळ उतारूला चारला?” सटवामायने विचारले. ती चिडलेली नव्हती. तिला खरेच कळत नव्हते.

गंगारामाने माझ्याकडे पाहिले. नरहरराव म्हणाले, “मास्तर, सांगा की.”

“हो,” मी म्हणालो. “यानेच दिला.”

हा लेख लिहून झाल्यावर मी अनीसमियाँना वाचून दाखवला. ते आता मंठ्याला मुलाकडे असतात, डोळ्यांनी दिसत नाही. मी आधी असे लिहिले होते, की ‘हो’ मी हळूच म्हणालो. त्यांनी मला तिथेच थांबवले. “आहिस्ता नहीं बोले, मास्टरसाब. क्लास में हाजिरी लेते वैसा बोले. सब कू सुनाई दिया.” म्हणून तो शब्द काढला आहे.

गंगारामाने फडक्याची घडी घातली, दुरडीत ठेवली आणि म्हणाला, “मास्तर म्हनत्यात तर तसंच आसंल, मावशी.”

“मंग वल्हं हितं ठेव.”

त्याने वल्हे आणून तिच्या पायापाशी ठेवले. ती आमच्याकडे वळली. “तुमी पाव्हने. तुमचा कसूर न्हाई. जा, देऊळ बघा, बारव बघा, पाटलाच्या मळ्यात हुरडा चालू हाय. ऊन कलल्यावर आमची मानसं बसतील. तवर कुनाला काय सांगायचं आसंल तर सांगावं.”

लिंबाजी नाव बांधत होता. मी त्याला विचारले, वल्हे ठेवून घेतले तर काय होते.

“काय व्हतंय?” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “हितून खालचं पानी बंद. आमच्या घरची नाव ह्या घाटाच्या खाली जात न्हाई. दादाची न्हाई, माझी न्हाई, लेकरांची न्हाई. जत्रांचे उतारू सगळे खालीच असत्यात, मास्तर. वर काय, निस्ती वाळू.”

त्या दिवशी उन्हे कलेपर्यंत माझ्या हातात काय होते, ते मला दुपार व्हायच्या आतच नीट कळले होते.

दुकान आणि देऊळ

गावात दुकान एकच. मीठ, तेल, विडीकाडी, गूळ. मी नारळ मागितला. दुकानदार म्हणाला, “नारळ? खोबरं घ्या की.” आणि त्याने वाळलेल्या खोबऱ्याची वाटी पुढे केली. “ओला नारळ हितं कुठला मास्तर? जत्रेला येतो. न्हाईतर घनसावंगीच्या बाजारात बघा. पन बाजार परवा हाय.”

घनसावंगी पाच कोस. मी गाडीची चौकशी केली. गाड्या मळ्यात गेल्या होत्या.

महादेवाचे देऊळ गावाच्या पूर्वेला आहे आणि ते खरोखर पाहण्यासारखे आहे. पहिल्या लेखात मी त्यावर दीड पान लिहिले होते. काळ्या दगडाचे बारा खांब. प्रत्येकावर वेगळी नक्षी. एका खांबावर मृदंग वाजवणारी बाई आहे, तिचा एक हात तुटला आहे तरी ठेका धरलेला कळतो. छताला उमललेले दगडी कमळ. नरहरराव मान वर करून हिंडत होते आणि मला टिपून घ्यायला सांगत होते. मी टिपत होतो. माझे लक्ष मात्र नंदीपुढच्या एका नारळावर होते. कोणीतरी नवसाचा ठेवलेला, शेंडी वाळलेला नारळ.

नरहरराव बाहेर गेल्यावर मी गुरवाला विचारले, हा मिळेल का.

“कशाला हो?”

“घाटावर द्यायला.”

गुरव हसला. “गंग्याच्या नारळाचं कळलं मला. पन मास्तर, देवाला व्हायलेला घाटाला कसा चालंल? आन चालला तरी काय? म्हातारीला नारळ कमी हैत का? तिला मान कुनी खाल्ला ते पायजे.”

बातमी आमच्या आधी गावभर फिरली होती. जालन्यात शेजारच्या घरात काय झाले हे कळायला आठवडा लागतो. इथे आम्ही देवळात पोचेपर्यंत गुरवाला सगळे माहीत झाले होते. फक्त ते चुकीचे माहीत झाले होते, आणि ते दुरुस्त करणारा एकच माणूस गावात होता.

बारव

देवळामागे बारव आहे. चारी बाजूंनी पायऱ्या उतरत गेल्या आहेत, कोनाड्यांत पारवे, तळाशी हिरवे गार पाणी. नरहरराव वरच्या कठड्यावर बसून राहिले. अनीसमियाँ आणि मी खाली उतरलो. शेवटच्या पायरीवर त्यांनी तोंड धुतले, उपरण्याने पुसले आणि विचारले, “गंगाराम ने नहीं दिया ना?”

मी पायरीवरचे शेवाळ नखाने खरवडू लागलो.

“मेरे कू नाश्ते के वखत ही लगा. वो तो उस टोकरी कू पाँव तक नहीं लगने देता था.” मग ते पायरीवर बसले. “मास्टरसाब, बोल देव. दो मिनट की बात है. वकीलसाब हँसेंगे, बुढ़िया दो गालियाँ देगी, बस. और क्या होता?”

“तसं नाही,” मी म्हणालो. “आता बोललो तर मी चोरही ठरतो आणि खोटाही.”

“वो तो हैच,” ते म्हणाले. “बोलो या नको बोलो.”

मी त्यांना म्हणालो, की परत घाटावर गेल्यावर बोलतो. तसे मी ठरवलेही होते. वाक्य मनात तयार केले होते. वर येताना माझा पाय शेवाळावरून घसरला आणि गुडघा फुटला. नरहररावांनी आपला रुमाल फाडून बांधला. पहिल्या लेखात हे घसरणे मी फार रंगवून लिहिले आहे.

हुरडा

मारोतराव पाटलांचा मळा नदीच्या वळणावर आहे. एका बाजूला वेचणी संपत आलेली कपाशी, दुसऱ्या बाजूला छातीएवढी ज्वारी. बांधावर घोंगड्या अंथरल्या होत्या. जमिनीत खळगा करून त्यात गोवऱ्या पेटवलेल्या, त्याला आगटी म्हणतात. कोवळी कणसे निखाऱ्यात खुपसायची, भाजली की तळहातावर चोळून दाणे मोकळे करायचे आणि फुंकर घालून पाहुण्याच्या ओंजळीत टाकायचे. बरोबर तिळाची चटणी, गूळ, घट्ट दही. आम्ही जालन्यात बाजारातून हुरडा आणतो तो घरी येईपर्यंत निबर होतो. इथे दाणा शेतातून आगीत आणि आगीतून तोंडात. तो हुरडा फार चांगला होता आणि मी पोटभर खाल्ला. तसे पहिल्या लेखात लिहिले आहे आणि ते खरे आहे.

पाटील साठीचे, मोठ्या मिशांचे, बोलके. “काय वकीलसाहेब, आमच्या गंग्यावर खटला चालू हाय म्हनं?”

नरहरराव म्हणाले, “खटला कसला? आरोपीनं गुन्हा कबूल केलाय. अशा पक्षकाराचं वकीलपत्र मी घेत नाही.”

“कबूल कवा केलं?”

“सगळ्यांसमोर. मास्तर म्हणतात तसंच असेल, म्हणाला.”

पाटलांनी कणीस चोळायचे थांबवले. “मंग कबूल कुठं केलं त्यानं? वकीलसाहेब, तुमी कोर्टात राहता, गंगेवर न्हाई. उतारू जवर आपल्या मुक्कामाला लागत न्हाई तवर भोई त्याला खोटं पाडत न्हाई. उतारू दिवसाला रात म्हनला तरी भोई म्हनंल, आसंल.”

“हे कशासाठी?”

“पुरात नाव मध्यावर आसताना उतारू आन नावाडी भांडाय लागले, तर काय व्हईल? म्हनून त्यायच्यात तशी रीतच पडली. तोंड बंद, हात चालू. तुमचं बोट धरून त्यानं तुमाला नावेत घेतलं, आता तुमी गाडीत बसूस्तोवर तुमचा शब्द त्याच्या डोक्यावर.”

आमच्याकडचा टांगेवाला स्टेशनपासून चौकापर्यंत जाताना तीनदा भांडतो, आणि उतरल्यावर आपण त्याच्याकडे वळूनही पाहत नाही. मी हा विचार तेव्हा खरोखर केला आणि वहीत टिपला. इतका मी टिपण्यात हुशार होतो.

नरहररावांनी माझ्याकडे पाहिले. तीस वर्षे साक्षीदार तपासलेला माणूस. त्यांना कळले असणार. ते पाटलांना म्हणाले, “गूळ घरचाच का?” आणि बोलणे उसाकडे वळले. त्यांनी मला सांभाळून घेतले. मला ते बरे वाटले. ते आता नाहीत, त्यांच्यावर मी काही ढकलत नाही. मला कोणी गप्प बसवले नव्हते.

पुन्हा घाटावर

आम्ही परतलो तेव्हा उन्हे कलली होती. लिंबाखाली सातआठ भोई बसले होते. मधे वाळूत वल्हे उभे खुपसलेले. गंगाराम बाजूला उकिडवा बसला होता. नाव पुढे जाणार नाही हे धरून पाटलांनी परतूर स्टेशनपर्यंत गाडी दिली होती; ती दरडीवर जुंपून उभी होती.

सटवामाय उठली. तिने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. “कुनाला काय सांगायचं हाय?”

अनीसमियाँ माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझ्या कोपराला हात लावला. मनात वाक्य तयार होते. तेवढ्यात वरून गाडीवान म्हणाला, “चला मालक, बैल उभं राह्यना,” आणि मी माझी पिशवी उचलायला वाकलो. झाले ते एवढेच. वाकलो, पिशवी उचलली आणि पायऱ्या चढू लागलो.

माझी ट्रंक गंगारामाने डोक्यावर घेतली. गुडघ्याला लागले होते म्हणून त्याने दुसरा हात माझ्या दंडाला दिला. गाडीत ट्रंक नीट बसवून, दोरीची गाठ दोनदा ओढून पाहून तो म्हणाला, “संबाळून जावा मास्तर. गुडघ्याला हळद लावा.”

दोन महिन्यांनी मी लेख लिहिला. त्यात भोळा नावाडी मानाचा नारळ उतारूंना खाऊ घालतो आणि मग फडके झटकत बसतो, असे चित्र रंगवले. त्याचे खरे नाव आणि गाव घातले. लोक पोट धरून हसले.

या वर्षी

या माघात एका लग्नासाठी पैठणला गेलो होतो. घाटावर लिंबाजी भेटला. त्याचे केस पांढरे झाले आहेत. माणसे अलीकडून पलीकडे नेण्यापुरती नाव तो चालवतो. गंगाराम चार वर्षांपूर्वी वारला.

मी म्हणालो, “लिंबाजी, तो नारळ मी घेतला होता.”

“म्हाईत हाय,” तो म्हणाला. “तुमची गाडी गेल्यावर दादानं सांगितलं समद्यायला. करवंट्या कुठं पुरल्या ते बी. पाय लागला व्हता त्याचा, नाव ढकलताना; तवा उमगलं न्हाई.”

“मग वल्हं?”

“सटवामाय म्हनली, मला तुझं पटतंय गंग्या. पन मान ज्यानं खाल्ला त्यानं येऊन सांगितल्याबिगर वल्हं हलत न्हाई. दादा म्हनला, मास्तर शिकलेलं मानूस हाय, येईल. साल दीड साल आमी तेच म्हनत व्हतो, मास्तर येईल.” त्याने दोरी गुंडाळून खाली ठेवली. “मंग तुमचं छापलेलं तिकडं पोचलं. तितल्या शाळेत कुनीतरी वाचून दाखिवलं. छापलेलं हाय म्हनल्यावर सटवामाय बी गप बसली. दादा काय म्हनायचा मंग?”

मी त्याची क्षमा मागू लागलो. त्याने हात वर केला.

“मला कशाला सांगता? मला काय नवीन हाय त्यात? तितं जाऊन सांगा.”

“तू चल बरोबर.”

“न्हाई. मी आलो तर म्हनतील ह्यानं पढवून आनला. तुमचे तुमी जावा. आन नारळ नेऊ नका.”

जालन्याला परत आल्यावर मुलगा म्हणाला, या वयात कशाला, पत्र लिहा. पत्र लिहून, छापून काय होते ते मी पाहिले होते. चौथ्या दिवशी मी निघालो. वडीगोद्रीपर्यंत सर्व्हिस मोटार, पुढे बैलगाडी. धुळीने खोकला झाला, रस्त्यात एकदा चाकाची खीळ निघाली. हे प्रवासवर्णन असल्यामुळे सांगितले, तक्रार नाही.

घाटाच्या पायऱ्या आता दगडी आहेत. सटवामाय गेली, कारभार तिची सून रखमाबाई पाहते. ती पन्नाशीची, दणकट बाई, जाळे विणत बसली होती. मी नाव सांगितले.

“नारळाचे मास्तर?” तिने जाळे खाली ठेवले. “आमाला वाटलं, मेले.”

“अजून नाही. सांगायचं राहिलं होतं.”

“मंग सांगा.”

मी सांगितले. सकाळचे पोहे, दुरडी, फडके, करवंट्या, घाटावरचा माझा ‘हो’ आणि मासिकातला लेख. तीनचार माणसे जवळ येऊन उभी राहिली होती. संपल्यावर रखमाबाई म्हणाली, “हितल्यायनी ऐकलं. पन निम्मा घाट पल्याड हाय, बीडच्या बाजूला. माझा दीर हाय तितं. दोन्ही काठांनी ऐकल्याबिगर वल्हं उठत न्हाई. हितूनच सांगा. आमी रोज हितूनच बोलतो.”

पलीकडच्या काठावर एक नाव लागली होती आणि एक माणूस तिच्यातले पाणी उपसत होता. मध्ये गंगेचे सगळे पात्र. सत्तरीच्या माणसाला तेवढा आवाज नसतो. मी पाण्याच्या कडेला गेलो, वहाणा काढल्या, घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिलो आणि दोन्ही हात तोंडाशी धरून जेवढे ओरडता येईल तेवढे ओरडलो. आधी माझे नाव, मग गाव, मग पैठणच्या गंगाराम भोयाच्या दुरडीतला नारळ मी चोरला आणि दोष त्याच्यावर टाकला, हे.

त्या माणसाने हातातले डबडे खाली ठेवले आणि कानामागे हात धरला.

“ऐकू न्हाई आलं,” तिकडून आवाज आला. “पुन्यांदा सांगा.”

मी पुन्हा सांगितले.